पश्चिमेची भिंत

पुणे,
११ नोव्हेंबर २०२३

ती. हिरामणकाकांना सप्रेम जयभीम.

सोबतच्या गठ्ठ्याला घाबरू नका. दोनशे दहा पानं आहेत, माझ्या पुस्तकाची. माती, चुना, आसपास मिळणारा दगड आणि लाकूड वापरून घर कसं बांधायचं, हे साध्या माणसाला सांगणारं पुस्तक. प्रकाशक पुढच्या दिवाळीआधी काढू म्हणतायत. माझ्या आर्किटेक्ट मित्रांनी ते वाचलं आणि सगळे छान छान म्हणाले, म्हणून त्यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही रसायनीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत. मशिनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून मग मशिनला हात लावणारा, माझ्या ओळखीतला तुम्ही एकच माणूस. तेव्हा पेन्सिल घेऊन बसा. कळणार नाही तिथे फुली मारा.

आणि फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही "सगळं बरं आहे" याच्या पुढे जात नाही. मी हॉस्टेलला होते तेव्हा दर पंधरा दिवसांनी तुमचं पत्र यायचं आणि त्यात खरं असायचं. तसंच लिहा.

काकीला जयभीम.

तुमची,
आरोही


मोहोपाडा,
२ डिसेंबर २०२३

चि. आरोहीस काकाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पुस्तक दोनदा वाचलं. फुल्या सव्वीस. यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. पान ३१ वर 'भारवहन क्षमता' लिहिलं आहेस, तिथे 'भिंत किती वजन पेलेल' असं लिही.

आता मुख्य गोष्ट. चौकजवळच्या आपल्या गावात तुझ्या आजोबांची जागा आहे, तुला माहीत आहे. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं, तेव्हापासून आम्ही इथे भाड्याच्या खोलीत आहोत. गावी दोन खोल्या बांधायच्या हे ठरलेलंच होतं. मी ठरवलं आहे, त्या तुझ्या पुस्तकाप्रमाणे बांधायच्या.

पान ४४ प्रमाणे जागेवरची माती बरणीत घेतली, पाणी घालून हलवली आणि दोन दिवस ठेवली. खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती, असे तीन थर बसले. पट्टीने मोजले. मातीत वाळू कमी आहे, ती बाहेरून घालावी लागेल. बरणी तुझ्या काकीची होती, लोणच्याची. "ह्यो कसला चिखल?" तिने विचारलं. मी म्हटलं, पाण्याची तपासणी चालली आहे.

तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्या मनात स्लॅबचं घर आहे. हळूहळू सांगेन. तू फोनवर काही बोलू नकोस.

एक शंका आहे. पान ५८ वर जोत्याची उंची दीड फूट आणि छपराची वळचण भिंतीपासून दीड फूट बाहेर, असं लिहिलं आहेस. आपल्याकडच्या पावसाला एवढं पुरेल का?

तुझा,
काका


पुणे,
११ डिसेंबर २०२३

ती. काका,

पत्र वाचून ऑफिसात उभ्याउभ्या हसले आणि मग डोळे पुसले. माझ्या पुस्तकावरून कोणी खरंच घर बांधायला घेईल असं वाटलं नव्हतं, आणि घेतलं तर ते तुम्ही.

दीड फूट पुरेल. शिरवळला आणि फलटणला मी याच मापाची दोन घरं बांधली. तीन पावसाळे झाले, टवकाही उडालेला नाही. मातीत चुना मिसळला की ती पाण्याला दाद देत नाही. छप्पर मात्र लोखंडी खांबांवरच घ्या, भिंतीवर नको. नकाशा पाठवते आहे.

काकीला आता सांगून टाका. तिच्यापासून लपवलेलं कधी लपलंय?

तुमची,
आरोही


मोहोपाडा,
२२ जानेवारी २०२४

चि. आरोहीला काकीचा जयभीम.

मी सातवी शिकलेली. पत्र लिवायची सवय नाय. चुकलंमाकलं समजून घे.

बरणीतल्या चिखलाचं मला तवाच कळलं होतं. पाण्याची तपासणी कोण लोणच्याच्या बरणीत करतं? परवा ह्यांनी तोंडानं सांगितलं. मी दोन दिस बोलले नाय. मंग हे जागेवर गेले तवा तुझं पुस्तक काढून वाचलं.

त्यात तू लिवलंय, मातीच्या घरात राहणं म्हंजे आपल्या मुळांकडं परत जाणं. गं पोरी, आमची मुळं कुठं होती, तुला ठाव हाय ना? गावाच्या खालच्या अंगाला, जिथं सगळ्या गावाचं पाणी उतरायचं. माझ्या आईचं घर मातीचं. दर पावसाळ्यात एक कोपरा बसायचा. आई डोक्यावरनं माती आणायची, मी ती तुडवायची. दर शनिवारी सारवण. शाळेत बाई नखं बघायच्या, तवा मी हात मागं लपवायची. वरच्या आळीत विटांची घरं झाली, त्यावर कौलं चढली, आमचं मातीचंच राहिलं. लग्नात मी मनाशी ठरवलं होतं, माझं घर होईल ते सिमेंटचं होईल. एकतीस वर्सं कंपनीच्या भिंतीत काढली. आता आमची भिंत व्हायची, ती पुन्ना चिखलाची?

पुण्याचे लोक हौसेनं मातीत राहतात. त्यांना मातीत कुणी ठेवलं नव्हतं.

तुझ्यावर राग नाय. तुझे बाबा गेले तवापासनं दर सुट्टीत तू माझ्या हातचं जेवलीस, तुझ्यावर कसला राग धरू. पण हे तुझंच ऐकतात. त्यांना सांग, नको म्हणून.

तुझी,
वनिताकाकी


पुणे,
३० जानेवारी २०२४

प्रिय काकी,

ते वाक्य मी खोडलं. लिहिताना मला ते फार सुंदर वाटलं होतं.

तुझ्या आईच्या घराबद्दल मला कुणी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मातीला माझा पहिला हात लागला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, हातमोजे घालून. तू सारवायचीस हे मला माहीत होतं. हात लपवायचीस हे माहीत नव्हतं.

तू नको म्हणतेस तर मी आजच काकांना नको म्हणून सांगते. त्याआधी एकच कर. तुला घर कसं हवं ते लिही. नुसतं 'सिमेंटचं' नको. सकाळी उठल्यापासून तुला त्या घरात काय काय हवंय, ते सगळं. ते लिहून झाल्यावरही नको वाटलं, तर नको.

तुझी,
आरोही


मोहोपाडा,
२० फेब्रुवारी २०२४

चि. आरोहीस आशीर्वाद.

तुझ्या काकीने तीन दिवस बसून यादी केली. तुला पाठवण्याऐवजी कागद माझ्या हातात दिला. जसा आहे तसा उतरवतो. 'सारवण नको, फरशी पाहिजे. मोरी आन संडास घरात. ओटा काळ्या दगडाचा, उभं राहून सैपाक करायचा. भिंतीला टेकलं तर लुगड्याला माती लागता कामा नये. रस्त्याच्या अंगाला मोठी खिडकी पाहिजे. जाणाऱ्या माणसाला आत काय हाय ते दिसलं पाहिजे.'

मी म्हटलं, हे सगळं मातीच्या घरात होतं. ती म्हणाली, "होत असंल तर भिंत कसलीबी घाला." एवढंच बोलली. मी तो होकार धरला आहे.

काम सुरू झालं. डोंगरावरच्या वाडीतला धाऊ आणि त्याची बायको जिजा मदतीला येतात. दोघांचा मातीला हात चांगला आहे. पण धाऊने जोतं पाहिलं आणि पश्चिमेकडे हात करून म्हणाला, "भाऊ, पाऊस ह्या अंगानं येतो. इकडं नुसती माती नको घालू. आमी ह्या अंगाला कारवीच्या काठ्यांचा कूड घालतो आन पावसाळ्यात भिंत झाकायला वरनं पेंढ्याची झड बांधतो. नाय तं जोता कमरंएवढा कर, वळचण अजून पुढं काढ."

मी त्याला पान ५८ वरचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. "ह्यो घर कुठला?" म्हणाला. मी म्हटलं, फलटणचा.

"मंग तिकडं चालत असंल," असं म्हणून तो कामाला लागला.

तू सांगशील तसं करू. काम चार दिवस थांबवून ठेवतो.

तुझा,
काका


पुणे,
२५ फेब्रुवारी २०२४

ती. काका,

घाईत लिहिते आहे. काम थांबवू नका. धाऊंचा अनुभव मोठा आहे, पण त्यांच्या भिंतीत चुना नसतो, आपल्या भिंतीत आहे. शिवाय झड बांधली तर पश्चिमेची भिंत झाकून जाईल. त्या बाजूला संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा मातीचा रंग काय दिसतो ते तुम्ही बघालच. पान ५८ प्रमाणेच करा.

यादी वाचली. खिडकी मी अजून एक फूट रुंद केली आहे.

तुमची,
आरोही


गाव,
३ जून २०२४

चि. आरोहीस आशीर्वाद.

बुद्धपौर्णिमेला आम्ही नव्या घरात आलो तेव्हा तू होतीस, त्यामुळे वंदनेचं आणि जेवणाचं वर्णन करत नाही. तू गेल्यावर चार दिवस लोक घर बघायला येत होते. खालापूरच्या कचेरीतला एक क्लार्क वाट वाकडी करून आला आणि भिंतीला गाल लावून उभा राहिला.

बाहेर अंगाची लाही होत असताना आत पंखा लागत नाही. तुझी काकी दुपारी फरशीवर आडवी होते आणि तासभर उठत नाही. मी विचारलं, गार वाटतं ना? ती म्हणाली, फरशी गार हाय, भिंतीचं काय सांगताव.

तुझ्या फोटोग्राफरने काढलेले फोटो आले का?

तुझा,
काका


गाव,
२४ जुलै २०२४

चि. आरोहीस आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पाऊस भरपूर आहे. लावणी उरकत आली. घर ठीक. काकी ठीक. पुस्तक कुठवर आलं ते कळव. अक्षर वाकडं आलं आहे, पडल्यापडल्या लिहितो आहे. म्हातारपणाचा आळस.

तुझा,
काका


पुणे,
३१ जुलै २०२४

ती. काका आणि काकी,

पत्र इतकं लहान? पण घर ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे टीव्हीवर तुमच्या भागातला पाऊस बघून धाकधूक होत होती.

पुस्तकाची शेवटची प्रुफं आली. पान ५८ तसंच आहे, फक्त आता त्याखाली ओळ आहे: 'हीच मापे कोकणपट्टीतही यशस्वी ठरली आहेत.' ती ओळ तुमच्यामुळे. मुखपृष्ठाचा नमुना सोबत पाठवते आहे. आपल्या पश्चिमेच्या भिंतीचा फोटो आहे, संध्याकाळच्या उन्हातला. २० ऑगस्टला छपाईला जाईल.

तुमची,
आरोही


गाव,
६ ऑगस्ट २०२४

चि. आरोहीला काकीचा जयभीम.

हे पत्र ह्यांना न सांगता लिवते.

ती फोटोतली भिंत पडली. १५ जुलैला, दुपारी चारच्या सुमाराला. दहा-बारा दिस पश्चिमेचा वारा होता आन पाऊस आडवा येत होता. भिंत खालनं काळी पडली, मंग फुगली. हे म्हणायचे, उघडीप झाली की वाळंल. त्या दिशी हे खाटेवर पडले होते. मी चहा टाकला आन हाक मारली. हे उठून दोन पावलं आले, आन मागं भिंत खाली बसली. लई आवाज नाय झाला. ओलं पोतं टाकावं तसा. खाट पार गाडली गेली. मातीचा लोंढा ह्यांच्या पायावर आला आन घोट्याच्या वरचं हाड मोडलं. धाऊ आन जिजा पलीकडच्या शेतावर होते, त्यांनी धावत येऊन माती उपसली. छप्पर खांबांवर हाय म्हणून राहिलं. आता प्लास्टर हाय. भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली हाय.

हे म्हणाले, आरोहीला कळवायचं नाय. पुस्तक निघंल, मंग सांगू, नायतर पोरीचं मन मोडंल. मलाबी तसंच वाटलं. गप बसले. पण काल तुझं पत्र आलं. त्या ओळीत आमचं घर यशस्वी ठरलंय असं लिवलं हाय.

मी मातीला नको म्हणत होते ती माझी वायली गोष्ट. माझं खरं झालं म्हणून हे लिवत नाय. पण उद्या पेणची, पालीची, कर्जतची कुणी बाई तुझं पुस्तक वाचंल आन घर बांधंल. तिचा नवरा चहाला उठला नाय, तर?

तुला बरं वाटणार नाय हे वाचून. तरी वाच. आन जेवून घे.

तुझी,
काकी


पुणे,
१६ ऑगस्ट २०२४

ती. काका आणि प्रिय काकी,

काकीचं पत्र वाचून मी गावी आले, त्या दिवशी तुमच्यासमोर मला धड बोलता आलं नाही. काका प्लास्टर पुढे करून म्हणाले, "आता फुल्या सत्तावीस," आणि तुम्ही दोघं हसलात. तुम्ही ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. म्हणून आता लिहिते.

फेब्रुवारीत धाऊंचं बोलणं तुम्ही कळवलंत, तेव्हा मला शंका आली होती. खालापूरच्या पावसाचे आकडे काढून पाहिले. फलटणच्या पाच-सहा पट. ते मी टेबलावर उलटे ठेवले. प्रकाशकांना मे महिन्यात पुऱ्या झालेल्या घराचे फोटो हवे होते आणि मला ती भिंत फोटोत हवी होती, झड न बांधलेली. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चुन्याचं कारण सांगितलं.

छपाई थांबवली आहे. प्रकाशक नाराज झाले, पण काकीचं पत्र त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं की किती दिवस लागतील. मी सांगितलं, एक वर्ष. या पावसाळ्याचे उरलेले दिवस मला तुमच्याकडे काढायचे आहेत.

पडलेल्या भिंतीचं काय करायचं हे आता मी ठरवणार नाही. काकीने ठरवावं, धाऊंना विचारावं. मी नकाशा काढून देईन.

काका, मला माफ करा.

तुमची,
आरोही


गाव,
५ जानेवारी २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद.

पाय आता बरा आहे, काठी फक्त उतारावर लागते. माफीचं तू ऑगस्टात लिहिलंस, त्याचं उत्तर मी आज देतो आहे, कारण मला माझंही काही सांगायचं होतं आणि जीभ वळत नव्हती.

भिंत आठ दिवस आधीच फुगली होती. मला दिसत होतं. तुझी काकी रोज म्हणायची, खाट हलवा. मी रोज पुस्तक उघडून बसायचो आणि 'भिंत वाळण्यास वेळ लागतो' हे वाक्य वाचायचो. एकतीस वर्षांत मशिन वेगळं वाजायला लागलं की मी पुस्तक मिटून आधी कान लावायचो. घरात मात्र लावला नाही, कारण पुस्तक तुझं होतं. वर तुला 'सर्व क्षेम' असं खोटं लिहिलं. तेव्हा सगळी चूक एकटीकडे ओढून घेऊ नकोस, थोडी मला ठेव.

आता काम. काकी, धाऊ, जिजा असे तिघे बसले आणि मी ऐकत बसलो. निर्णय झाला तो असा. पश्चिमेची भिंत भाजलेल्या विटांची, सिमेंटमध्ये. बाकी तीन मातीच्या आहेत तशा राहतील, पण बाहेरून तीन फूट उंच काळा दगड लावायचा. पश्चिमेला पडवी काढायची आणि वळचण चार फूट पुढे. झड बांधायला खांबांना कड्या. मातीच्या तीन भिंती पाडून सगळंच विटांचं करू, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मे महिना कसा काढू मंग?"

मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

विटा रचताना धाऊ मला म्हणाला, त्याला सरकारी घरकुल मंजूर झालं आहे, सिमेंटचं. मी विचारलं, मग जुनं कुडाचं पाडणार का? तो म्हणाला, "नाय. पाहुण्यांना नव्यात ठेवू, आमी जुन्यात झोपू."

हे पुस्तकात घाल.

तुझा,
काका


गाव,
१८ ऑगस्ट २०२५

चि. आरोहीला काकीचा जयभीम.

तुझं पुस्तक मिळालं. पडलेल्या भिंतीचा फोटो तू छापलास, ते ह्यांना आधी आवडलं नव्हतं. आता येईल त्याला तेच पान उघडून दाखवतात. धाऊचं आन जिजाचं नाव तुझ्या नावाखाली हाय, ते जिजाला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच.

यंदा भिंतीला काय झालं नाय. पाऊस तसाच आडवा होता. झड मी आन जिजानं बांधली.

काल भर पावसात खालापूरकडची एक बाई आली, मेघा नावाची. नवऱ्याला घेऊन, दोघं भिजलेले. म्हणाली, पुस्तकात लिवलंय की बांधायच्या आधी तुमच्या भागातलं घर पावसात जाऊन बघा आन त्या घरातल्या बाईला विचारा, म्हणून आलो. मी तिला सगळं दाखवलं. भिंत कुठं पडली ते, खाट कुठं होती ते. तिच्या नवऱ्यानं रंगाचं विचारलं. मी म्हणलं, रंगाचं मंग बघ, तुझ्याकडं पाऊस कुठल्या अंगानं येतो ते आधी सांग. त्याला सांगता येईना. तिला आलं.

जाताना ती म्हणाली, "काकी, खरं सांगा, तुमाला आवडतं का मातीचं घर?"

मी म्हणलं, माती मला अजून आवडत नाय. पण ह्या घरात मला इचारल्याशिवाय एक वीट बसली नाय. म्हणून घर आवडतं.

मंग तिनं तुझा नंबर मागितला. मी म्हणलं, देते, पण तिला नुसता नकाशा मागू नको. आधी चार दिस पावसात तुझ्याकडं राहायला बोलाव. हुशार हाय, सांगितलं की ऐकते.

"तुमची कोण लागते?" मेघानं विचारलं.

"पोरगी," मी म्हणलं.

हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आन पुन्ना पेपरात घातली. पान काय बराच वेळ उलटलं नाय.

तुझी,
काकी